कळशीभर थंड चहा

"सोमवारी पाच वाजता तुम्हांला असा थंड चहा पाजतो, की त्या फ्रीजने लाजून स्वतःचं दार लावून घ्यावं."

भिकाजी मास्तरांनी हे गॅलरीत उभं राहून, चौदा मुलांसमोर, खणखणीत आवाजात सांगितलं, आणि गोमती निवास या चाळीच्या पाण्याची वाट लागायला तिथूनच सुरुवात झाली.

खरं म्हणजे मास्तर बढाईखोर नव्हेत. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत मुलं शिकवली. वजाबाकीत शेजारच्या आकड्याकडून दहा उसने का घ्यायचे हे एखाद्या पोराला कळलं नाही, तर ते अकरा वेळा समजावत, आणि अकराव्या वेळीही चेहऱ्यावर पहिल्या वेळेइतकंच हसू असे. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नाही. मे महिना लागला की घाटकोपरची ती अर्धी चाळ वळकट्या बांधून कोकणात जाई. ज्यांच्या वडिलांना रजा मिळत नसे ती मुलं मागे उरत, तोंडं लांब करून. या उरलेल्या मुलांना मास्तर दुपारी तीन वाजता पहिल्या मजल्यावर आपल्या दारासमोर बसवत. चिंचोक्यांवर गुणाकार, खडूने फरशीवर काढलेल्या नद्या, मध्येच एखादी भुताची गोष्ट. पाच वाजता मुलं उठली की मास्तर आत येऊन बायकोला म्हणत, "आज चौदा होती." अढीतले पिकलेले आंबे मोजावेत तशी ते मुलं मोजत.

आणि मग एका मेमध्ये शेजारच्या खोलीत फ्रीज आला.

शेजारी शिवदास राहायचा. वय तिशीच्या आतबाहेर, स्वभाव गाईसारखा. ट्रॉम्बेला रात्रपाळीचा टेलिफोन ऑपरेटर होता. पण ट्रॉम्बे म्हटलं की चाळीला फक्त अणू माहीत. त्यामुळे हा माणूस रात्रभर अणू फोडतो आणि सकाळच्या बसने घरी येतो, अशी सगळ्यांची समजूत होती. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. त्याचा मेव्हणा नोकरीसाठी आफ्रिकेला गेला आणि जाताना आपला फ्रीज सांभाळायला याच्याकडे ठेवून गेला. हातगाडीवरून तो पांढरा शुभ्र डबा उतरला तेव्हा चाळ नवरी बघायला जमावी तशी जमली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे नऊ मुलं आली. तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी एकटी शुभा आली.

शुभा नऊ वर्षांची, मागच्या खोलीतली. ती आपल्यावरच्या मायेने आली असं मास्तरांना वाटलं आणि त्यांचा गळा भरून आला. तिने तो लगेच रिकामा केला. बाकीची मुलं शिवदासकाकांकडे गुलाबाचं सरबत प्यायला गेली होती, बर्फाचे चौकोनी तुकडे घालून. हिला टॉन्सिल्स असल्यामुळे आईने थंड बंद केलं होतं, म्हणून ही इकडे आली होती.

त्या दिवशी मास्तरांनी तिला तापी नदी शिकवली, पण कान भिंतीला होते. भिंतीपलीकडून फ्रीजची घरघर, ग्लासात बर्फ वाजल्याचा किणकिणाट आणि तेरा मुलांचं खिदळणं ऐकू येत होतं. तापी त्या दिवशी वाट चुकून गोदावरीला मिळाली. शुभाने ती पुसून पुन्हा नीट काढली.

हेवा हा मोठा चमत्कारिक पदार्थ. छत्तीस वर्षांत मास्तरांना कुणाच्या बढतीचा हेवा वाटला नव्हता, बंगल्याचा वाटला नव्हता. पण एका डब्याने त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची मुलं पळवली, आणि त्यांना जेवण जाईना. रात्री ताटावर बसल्या बसल्या ते सांगू लागले, की थंडाने घसा बसतो, गुलाबी रंग हा आधी रंग असतो आणि मग गुलाब असतो, आणि साखर तर दात पोखरतेच.

जानकीबाईंनी आमटी वाढता वाढता एवढंच म्हटलं, "अहो, पोरं सरबत प्यायला जातात, त्याला दत्तक जात नाहीत."

"दत्तकच गेल्यासारखी आहेत."

"मग तुम्हीपण पाजा काहीतरी."

बाईंनी हे विषय संपवायला म्हटलं होतं. मास्तरांच्या डोक्यात तिथून तो सुरू झाला.

मास्तरांनी विचार केला तो पद्धतशीर. सरबतावर सरबत करण्यात काय शोभा? आपण चहा करायचा, तोही थंड. थंड चहा या चाळीने ऐकलाही नव्हता. चहाची पूड नाही, मुलांना ती बरी नव्हे. गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेला गवती चहा पुरुषभर वाढला होता. तुळस होती. पुदिना, आलं, वेलदोडा घरातच. प्रश्न गोडाचा राहिला. साखर तेव्हा रेशनवर मिळे, आणि जानकीबाई साखरेच्या बरणीवर नागिणीसारख्या बसून असत. पण मास्तरांना साखर नकोच होती. शिवदासचं साखरेचं, आपलं बिनसाखरेचं, झाडापानातल्या गोडीचं. इथेच तर त्याला हरवायचं होतं.

पहिला प्रयोग ज्येष्ठमधाचा. ज्येष्ठमध म्हणजे ती गोड मुळी, जी आपण घसा बसला की चघळतो. मास्तरांनी मूठभर कांड्या ठेचून उकळल्या. चव घेतली तर गोड काहीच लागेना, म्हणून आणखी दोन मुठी घातल्या. ज्येष्ठमधाची गोडी मागाहून येते हे त्यांना त्या दिवशी कळलं. ती रात्री जेवताना आली. मुगाची उसळ गोड, ठेचा गोड, विडा गोड. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं तर दंतमंजनसुद्धा गोड.

दुसरा प्रयोग मनुकांचा. त्या भिजत घालून बरणीचं झाकण घट्ट लावून मास्तर दोन दिवस विसरले. घाटकोपरच्या उकाड्यात मनुका काही विसरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी झाकण उडून छताला लागलं आणि खोलीत असा वास सुटला, की जानकीबाईंनी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेऊन खात्री करून घेतली.

तिसऱ्या वेळी मात्र जमलं. गावाहून आलेली काकवीची मोठी बाटली कपाटात होती. काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा उसाचा दाट, काळसर पाक. आंबोळीबरोबर खायला जानकीबाईंनी ती जपून ठेवली होती. मास्तरांनी त्यातली दोन चमचे उकळत्या गवती चहात घातली, वर लिंबू पिळलं, आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटले. शुभाला कोमट करून दिला. तिने संपवला आणि पेला उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर पाडला.

"कसा आहे?"

"झकास. पण मास्तर, हा गरम आहे. ते थंड देतात."

तिथेच अडत होतं. बाजारात बर्फ मिळे, पण स्टेशनजवळच्या दुकानातून भुशात गुंडाळून आणलेली लादी उन्हात घरी पोचेपर्यंत पेढ्याएवढी होई. उकळत्या चहात तो पेढा पडला की चहा कोमट, बर्फ गायब. मास्तरांनी शुभाला समजावून सांगितलं: चहा आधीच गार असेल तर थोडा बर्फही टिकेल. म्हणजे बर्फाच्या आधी गारवा हवा. आणि गारवा म्हटल्यावर मास्तरांना राजापूरकडचं आपलं घर आठवलं. तिथे उन्हाळ्यात दूध, ताक, आंबे, सगळं कळशीत घालून दोराने विहिरीत सोडत. दोन तासांनी वर काढलं की दात शिवशिवावेत इतकं थंड. बर्फाची गरज कोणाला होती?

चाळीत विहीर नव्हती. पण मागच्या अंगणात पाण्याची टाकी होती, जमिनीत बांधलेली, वर लोखंडी झाकण. पहाटे नळाला पाणी आलं की ती भरे. संध्याकाळी पाच वाजता चाळीचा सेक्रेटरी सहदेव पंप लावी, आणि मग पाणी वर चढून गॅलरीतल्या नळांना येई. खाली अंधार, पाणी गार, वर झाकण. कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं? मास्तरांच्या लेखी ती शहरात येऊन चौकोनी झालेली विहीरच होती.

म्हणून मग ती घोषणा झाली. शिवदासकडे निघालेल्या मुलांना गॅलरीत अडवून मास्तरांनी सोमवारचं आमंत्रण दिलं. सोमवारी कुणी शेजारी जायचं नाही, पाच वाजता सगळ्यांनी इथे यायचं. मुलं कबूल झाली. मुलं काय, थंडाला कधीच नाही म्हणत नाहीत.

सोमवारी सकाळी शुभाने गवती चहाची पाती कापून दिली. जानकीबाई बहिणीकडे मुलुंडला गेल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकघर मास्तरांचंच. त्यांनी मुद्दाम दाट अर्क केला, एका भागाला चार भाग पाणी घालता येईल असा, म्हणजे मुलांना दोन दोन ग्लास पुरेल. दाट म्हणून काकवीही दाट. दोन चमचे, चार चमचे करता करता बाटली उलटी झाली, आणि मास्तरांनी तिच्या बुडावर थापट्या मारून उरलेलीही काढली. सगळा अर्क जानकीबाईंच्या पितळी कळशीत ओतला, तोंडाला पंचा बांधला, गळ्याला दोर आवळला. बारा वाजता अंगणात चिटपाखरू नव्हतं. मास्तरांनी झाकण सरकवलं, कळशी आत सोडली, पाण्याचा बुडुक आवाज ऐकला, दोर झाकणाच्या कडीला बांधला आणि घरी येऊन शांत झोपले.

आता इथे मास्तरांची जी चूक झाली, ती त्यांच्या पहिलीतल्या विद्यार्थ्यानेही केली नसती. विहीर खोल असते. दोराला बांधलेली कळशी तिथे पाण्यात लोंबकळत, उभीच्या उभी राहते. टाकीत मे महिन्याच्या टंचाईमुळे जेमतेम गुडघाभर पाणी होतं. कळशी तळाला टेकली. आणि कळशीचं बूड गोल असतं, ती चुंबळीशिवाय उभी राहत नाही, हे घराघरातल्या बाईला माहीत असतं. छत्तीस वर्षं मुलांकडून हौदांची गणितं सोडवून घेणाऱ्या मास्तरांनी हौदाची खोली तेवढी मोजली नाही.

साडेचार वाजता ते स्टेशनवरून बर्फ घेऊन धावत आले. गोणपाटातून पाणी ठिबकून धोतर एका बाजूने भिजलं होतं, पण आत नारळाएवढा बर्फ शाबूत होता. टाकीचं झाकण सरकवून त्यांनी दोर ओढला. कळशी वर आली. पंचा सुटून दोराला लोंबत होता, आणि कळशीत स्वच्छ, नितळ, गार पाणी होतं.

मास्तर बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. पायाशी ठेवलेला बर्फ शांतपणे वितळत होता.

काकवी पाण्यापेक्षा जड. ती तळाला जाणार. पंपाचा पाइपही तळातूनच पाणी ओढतो. हे सगळं मास्तरांना एका क्षणात सुचलं, चौथीच्या पुस्तकातल्या धड्यासारखं क्रमवार. आता पळत जाऊन सहदेवला पंप लावू नको म्हणून सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागणार. आणि वर गॅलरीत चौदा मुलं आधीच येऊन बसली होती, हातात आपापले पेले घेऊन. मास्तरांना त्यांचे पाय कठड्याच्या गजांमधून हलताना दिसत होते. शेजारच्या दारात आज कुणीही नव्हतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीही नव्हतं. पाय उचलेना.

तेवढ्यात पंपाची खडखड सुरू झाली.

पहिली बातमी तळमजल्यावरून आली. पुतळाबाई म्हणजे चाळीतली सर्वांत जुनी बाई, दमेकरी. त्यांनी नळाखाली तांब्या धरला तर पाणी तपकिरी. मग पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या. कुणाच्या बादलीत हिरवी पाती तरंगायला लागली. कुणाच्या भाताला वेलदोड्याचा वास यायला लागला. एकीने नवऱ्याचा पांढरा सदरा भिजत घातला होता, तो खाकी झाला. दहा मिनिटांत सगळी चाळ बादल्या घेऊन अंगणात उतरली.

सहदेवने काचेच्या ग्लासात पाणी धरून उन्हात बघितलं. तो गोदीत सकाळपाळीचा कारकून होता आणि कुठल्याही गोष्टीचा अहवाल तयार करायची त्याला हौस होती. गढूळ नाही, गंज नाही, तेलही नाही, असं तो एकेक खोडत गेला. मग कुणाला तरी आठवलं, की सकाळी शिवदास टाकीजवळ बूट धुवत होता.

आणि शिवदास कुठे कामाला जातो?

मग कुणीतरी हळूच "ट्रॉम्बे" म्हणालं, आणि बायकांनी आपापल्या बादल्या एकदम गटारात उपड्या केल्या. ज्यांनी पाणी तोंडात घेतलं होतं त्या चुळा भरू लागल्या. पण चूळ भरायलाही तेच पाणी. पुतळाबाई मात्र एव्हाना दोन तांबे प्यायल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं तेव्हा त्यांनी खाकरून बघितलं आणि म्हणाल्या, "अणू असंल तर असू दे. माजा घसा मोकळा झालाय."

शिवदासला उठवून खाली आणलं. लुंगी, विस्कटलेले केस, गालावर उशीचा वळ. बूट धुतल्याचं त्याने लगेच कबूल केलं. रस्त्यावरचं डांबर लागलं होतं म्हणून धुतले, असं तो जांभई देत म्हणाला. जांभई देणारा माणूस निर्दोष दिसत नाही. आयांनी त्याच्यासमोरच आपल्या मुलांना वर हाका मारून बजावलं, की यापुढे त्या घराची पायरी चढायची नाही, सरबत नाही, बर्फ नाही, काही नाही.

टाकीच्या कोपऱ्याला कळशी पाठीमागे धरून उभ्या असलेल्या मास्तरांनी हे सगळं ऐकलं. आणि लपवून काय उपयोग, त्यांचं काळीज मोगऱ्यासारखं फुललं. चहा गेला, काकवी गेली, पण मुलं परत मिळाली. चौदाच्या चौदा. तेही एक अक्षर न बोलता. आपण खोटं कुठे बोललो? आपण तर काहीच बोललो नाही. एवढा विचार करून ते जिन्याने वर निघाले, उद्या भागाकार घ्यावा की गोदावरी, असा मनात बेत करत.

जिन्याच्या वळणावर शुभा बसली होती. तिच्या पेल्यात नळाचं तपकिरी पाणी होतं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "हा आपला चहा आहे. पाती मीच कापली होती."

मास्तरांनी कळशी आणखी पाठीमागे सरकवली.

"मी कुणाला नाही सांगणार. सहदेवकाका म्हणतात, शिवदासकाकांना खोली सोडायला लावायची, मीटिंग घेणार आहेत. तरी नाही सांगणार."

"का गं?"

"तुम्ही आमचे मास्तर ना."

छत्तीस वर्षांत मास्तरांनी शेकडो मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. गप्प राहून खोटं कसं बोलायचं हे शिकवलेली ही पहिलीच मुलगी. आणि ती इतक्या प्रेमाने शिकली होती, की मास्तरांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी तिच्या हातातला पेला घेतला, वळले आणि जिना उतरून पुन्हा अंगणात गेले. कळशी आता त्यांनी पुढे धरली होती.

टाकीच्या कट्ट्यावर चढून त्यांनी सगळं सांगितलं. गवती चहापासून सांगितलं, कारण कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय त्यांना सांगता येत नसे. फ्रीजबद्दल वाटलेला हेवासुद्धा सांगितला.

बोलणं संपलं तेव्हा सहदेवचे डोळे पाणावले होते.

"मास्तर, तुम्ही देवमाणूस आहात," तो म्हणाला. "शेजाऱ्याला वाचवायला त्याचं पाप अंगावर घेताय."

"अरे, पाप कसलं? चहा आहे तो."

"तुमच्यासारख्यांमुळेच जग चाललंय."

गर्दीतून सुस्कारे निघाले. एक बाई पदराने डोळे पुसू लागली. मास्तरांनी पुन्हा समजावलं. काकवी जड कशी, कळशीचं बूड गोल कसं, पाइप तळाला कसा. जितकं जास्त समजावत गेले, तितके ते लोकांना थोर वाटत गेले. अकरा वेळा समजावण्याची सवय असलेल्या माणसाचाही धीर सुटत चालला होता. शिवदास बिचारा खांबाला टेकून उभ्या उभ्या पेंगत होता. बचाव करायचंही त्याच्या मनात येत नव्हतं.

मास्तरांची अब्रू शेवटी जानकीबाईंनी घालवली. त्या मुलुंडहून नुकत्याच आल्या होत्या. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून त्यांचा आवाज अख्ख्या अंगणावर कोसळला. त्या फार संतापल्या की मालवणीत जात.

"अवो, माझी कळशी खंय आसा? आणि काकवीची बाटली रिकामी कोणी केली? तुमका येड लागला काय?"

अंगणाने मास्तरांच्या हातातल्या कळशीकडे बघितलं. मग ग्लासातल्या पाण्याकडे. मग कुणीतरी धीर करून एक घोट घेतला, ओठ चाटले, आणि दुसरा घेतला.

"वेलदोडा जरा कमी पडलाय," पुतळाबाईंनी तिसरा तांब्या संपवून निकाल दिला.

लोक हसले हे खरं, पण पाच मिनिटंच. कारण टाकी अजून चहाचीच होती. सहदेवचे डोळे एव्हाना कोरडे झाले होते आणि त्याने लगेच मीटिंग भरवली. टाकी उपसायची, घासायची, वाळवायची. काकवी चिकट, तीन दिवस लागणार. मुंग्या तर पाइपावरून रांग धरून वर निघाल्याही होत्या. तोपर्यंत सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून पाणी भरायचं. बायका हंडे घेऊन पहाटेपासून रांगेत उभ्या राहणार, मग पोरांकडे कोण बघणार? सगळ्या आयांच्या नजरा एकाच दिशेने वळल्या.

मास्तरांनी शिक्षा आनंदाने मान्य केली. मनातून तर त्यांना हे बक्षीसच वाटलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांच्या दारात तेवीस मुलं होती. चौदा नेहमीची, आणि नऊ अशी, की ज्यांना अजून तीनपर्यंतही मोजता येत नव्हतं. त्यातली दोन रांगणारी. आठ वाजेपर्यंत चिंचोके गिळून झाले होते. नऊ वाजता कुणीतरी गोदावरीवर शी केली. मास्तरांनी सगळं हसतमुखाने केलं. बाराला मात्र हसू जरा ताणलेलं दिसत होतं, आणि दोन वाजता ते एका पोराला एका गुडघ्यावर आणि दुसऱ्याला दुसऱ्या गुडघ्यावर झुलवत तिसऱ्याला दोनाचा पाढा सांगत असताना, शेजारचं दार उघडलं आणि शिवदास बाहेर आला.

मास्तरांनी त्याच अवस्थेत जमेल तेवढे हात जोडले. माफी कशी मागायची याची वाक्यं त्यांनी रात्रभर तयार केली होती. पण शिवदासने त्यांना ती बोलू दिली नाहीत. तो फार संकोचून उभा होता.

"मास्तर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा. रागवायचा हक्क तुमचा आहे."

"ही मुलं आता इकडेच बसतील ना? रोज?"

"बसतील की. का हो?"

शिवदासने असा श्वास सोडला, की जणू पाठीवरची गोणी उतरली. "नाही, म्हणजे मला वाटलं होतं, तुम्हीच त्यांना माझ्याकडे पाठवता. तुमचं वय झालंय, दुपारी जरा आडवं व्हावंसं वाटत असेल, म्हटलं, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी रात्रपाळी करून येतो, मास्तर. दुपारची तेवढी झोप. पटकन पिऊन जातील म्हणून सरबत द्यायचो, तर जास्तच बसायला लागली. तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही. काल पहिल्यांदा झोपलो होतो, तर सगळ्यांनी खाली नेऊन उभं केलं." आणि मग त्याने वाकून मास्तरांना खरोखरचा नमस्कार केला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

तो आत गेला. दार लागलं. मास्तरांनी पाढा पुढे चालू केला. बे पंचे दहापर्यंत येईतो भिंतीपलीकडून घोरणं सुरू झालं, संथ, खोल, तृप्त, कुणाचाही धक्का नसलेलं. मांडीवरच्या पोराने मास्तरांचा चष्मा ओढून तोंडात घातला होता. तेवीस मुलं एका सुरात बेसूर ओरडत होती.

मास्तर पाढा विसरून भिंतीकडे बघत राहिले. त्यांना पुन्हा एकदा शिवदासचा हेवा वाटला.